मदत हवी आहे: गर्भाशयमुखाच्या कर्करोगाची तपासणी, कोणती परवडेल?

नमस्कार ताई-दादांनो. आमच्या बचत गटाने गावातल्या ३० ते ५९ वयाच्या बायकांच्या तपासणीसाठी थोडे पैसे बाजूला ठेवलेत. सौम्य ॲसिटिक ॲसिड लावून मिनिटभराने पांढरा डाग उमटतो का ते पाहायचं, ही पद्धत स्वस्त. पण पाहणाऱ्याची नजर तयार हवी. एचपीव्ही चाचणी, म्हणजे हा कर्करोग घडवणारा विषाणू शोधणारी तपासणी, महाग. पण उस्मानाबाद (आताच्या धाराशिव) जिल्ह्यातल्या सुमारे १,३१,००० बायकांच्या अभ्यासात (निष्कर्ष २००९) एकदाच केलेल्या एचपीव्ही चाचणीने मृत्यू जवळपास निम्म्यावर आले.

मग स्वस्त तपासणी पुन्हा पुन्हा करावी, की महाग एकदाच? आणि पुढचे उपचार, एसटीभाडं, बुडालेली मजुरी हिशेबात कशी धरायची? शेजारच्या काकू डाग सापडूनही परत गेल्याच नाहीत, फार जीव तुटतो. असं शिबिर कुणी घेतलंय का?