विषय: मुलगा जर्मनीला निघालाय, घरचा राउटर बरोबर द्यावा का?

मंडळी, नमस्कार.

आमचा धाकटा गणपती झाले की मास्टर्ससाठी जर्मनीला निघतोय. बॅग भरणं चालू आहे आणि रोज एकेका वस्तूवरून घरात चर्चा होते. काल राउटरवरून झाली. फायबरवाल्याने नवीन पेटी बसवली तेव्हाची जुनी पेटी माळ्यावर आहे, शिवाय दुकानातून विकत आणलेला एक वेगळा राउटर आहे. यांचं म्हणणं, दोन्ही देऊन टाकू, तिकडे युरो मोजून कशाला घ्यायचा? मुलगा म्हणतो, गेल्यावर बघू. पण 'गेल्यावर बघू' म्हणजे पहिला महिना नीट बोलणं नाही, हे मोठ्याच्या वेळी अनुभवलं आहे.

तिथल्या एका कंपनीची जाहिरात त्याने दाखवली. 250 एमबीपीएस, पहिले सहा महिने स्वस्त, पण करार 24 महिन्यांचा. इथे आपण रिचार्ज मारतो, नाही पटलं तर दुसरीकडे जातो. दोन वर्षांची सही म्हटल्यावर मला धडकी भरते. राहायचंही अजून पक्कं नाही, एक होस्टेलची खोली आहे आणि एक चार मुलांच्या फ्लॅटमधली.

आजोबा 84 वर्षांचे आहेत. रोज संध्याकाळी नातवाचं तोंड दिसलं नाही तर ते जेवायला बसायचे नाहीत. म्हणून विचारते.

दांडिया बाजार, वडोदरा

---

काकू, नमस्कार.

मी रावपुऱ्यातली, नऊ वर्षं जर्मनीत आहे. कंपनी आणि वेग नंतर बघू. आधी त्याला दोन्ही खोल्यांच्या भिंतीचा फोटो मागवायला सांगा. भिंतीत सॉकेट कुठलं आहे, त्यावर पुढचं सगळं ठरतं. टेलिफोनचं तीन खाचांचं सॉकेट असेल (इकडे त्याला टीएई म्हणतात) तर डीएसएल, म्हणजे फोनची तांब्याची तार. टीव्हीच्या अँटेनासारखं गोल असेल तर केबल, म्हणजे टीव्हीच्या तारेवरून नेट. काही घरांत फायबर आलंय. होस्टेलमध्ये पुष्कळदा नेट भाड्यातच धरलेलं असतं आणि भिंतीत साधं लॅनचं (नेटची तार थेट जोडायचं) सॉकेट असतं. तसं असेल तर करार करायचाच नाही, विषय संपला.

आता तुमच्या दोन पेट्या. फायबरवाल्याची मुळीच देऊ नका. ती त्यांच्या फायबरसाठी बनवलेली असते, डीएसएलच्या तारेवर तिचा उपयोग नाही, आणि बहुधा ती कंपनीच्याच मालकीची असते, कधीतरी परत मागतील. विकत आणलेला राउटर मात्र लॅन सॉकेटच्या खोलीत कामी येईल. त्याच्या अडॅप्टरवर 100-240 लिहिलंय का बघा. व्होल्टेज इकडे आपल्यासारखंच 230 आहे, पण आपला जाड तीन पिनांचा प्लग इथल्या सॉकेटमध्ये जात नाही. होस्टेलला मेल करून स्वतःचा राउटर चालतो का हेही विचारावं, काही ठिकाणी मनाई असते.

फ्लॅटमध्ये डीएसएल निघालं तर डीएसएल मोडेम (फोनच्या तारेतून नेट काढणारा भाग) असलेला राउटर लागेल, तो इथेच घ्यावा. कंपनी स्वतःचा राउटर महिन्याच्या भाड्याने गळ्यात मारायला बघते. घेण्याचं बंधन नाही. 1 ऑगस्ट 2016 पासून इथे कायद्यानेच राउटरची निवड ग्राहकाची आहे आणि लॉगिनची माहिती कंपनीला द्यावी लागते. मी बर्लिनच्या एव्हीएम कंपनीचा फ्रिट्झबॉक्स सेकंडहँड घेतला, सहावं वर्ष चालू आहे.

कराराबद्दल. डिसेंबर 2021 पासून नियम बदलले. पहिला करार जास्तीत जास्त 24 महिन्यांचा, पण मागितला तर कंपनीकडे 12 महिन्यांचा पर्याय असावाच लागतो. दुकानातला माणूस तो आपणहून सांगत नाही, मुलाने विचारायचा. पहिली मुदत संपली की एका महिन्याच्या नोटिशीवर कधीही बंद करता येतो. घर बदललं आणि नव्या पत्त्यावर कंपनी सेवा देऊ शकत नसेल, तर मधेही सुटता येतं. मात्र सेवा तिथे मिळत असेल तर करार आपल्याबरोबर नव्या घरी येतो. फ्लॅटमधल्या चौघांपैकी एकाच्याच नावावर करार होतो आणि पैसे त्याच्याच खात्यातून जातात. तो एक आपला मुलगा असू नये, असं माझं स्पष्ट मत आहे. नवखा आहे, आधी त्याचं बँक खातं तरी उघडू दे.

250 चा मोह नको. व्हिडिओ कॉलला तीन-चार एमबीपीएस पुरतात, चौघांना मिळून 100 खूप झाले. सहीआधी कंपनी एक पानाचं माहितीपत्रक देते, त्यात वेगाचे तीन आकडे असतात: किमान, नेहमीचा आणि कमाल. जाहिरातीत छापतात तो कमाल. मधला आकडा बघून ठरवावं. तो मिळाला नाही तर सरकारी नियामकाच्या अ‍ॅपवर, लॅनची तार लावून, तीन वेगवेगळ्या दिवशी मिळून 30 वेळा मोजायचं. कमी भरला तर बिल कमी करून मागता येतं.

आणि काकू, बेलवरचं नाव. हे कुणी सांगत नाही. मी आले तेव्हा टेक्निशियनची वेळ मिळाली होती सकाळी आठ ते बारा. सुट्टी काढली, आठपासून खिडकीत बसले. बारा वाजले, एक वाजला. खाली गेले तर पत्रपेटीत चिठ्ठी, 'आपण भेटला नाहीत.' इकडे इमारतीच्या दारावर फ्लॅट नंबर नसतो, फक्त आडनावं. आमच्या बटणासमोर आधीच्या भाडेकरूचं आडनाव होतं. त्या माणसाला माझं नाव सापडलं नाही, तो निघून गेला. पुढची तारीख 18 दिवसांनी मिळाली. त्या 18 दिवसांत आईशी मी लायब्ररीच्या पायऱ्यांवर बसून बोलले, थंडीत. खोलीची किल्ली मिळाली त्याच दिवशी बेलवर आणि पत्रपेटीवर नाव लावायचं, पासपोर्टवर आहे तसंच. बाकी सगळं राहिलं तरी चालेल, हे राहू देऊ नका.

ऑक्टोबरअखेर इकडचं घड्याळ बदलतं. साडेतीन तासांचा फरक साडेचार होतो. आजोबांना आधीच सांगून ठेवा.

---

वहिनी, नमस्कार. न्यू जर्सीहून.

ताईने लिहिलंय ते जर्मनीचं. आपल्या मेलिंग लिस्टवर ज्यांची मुलं अमेरिकेला येतात त्यांनी ते तसंच लावू नये. इथे वीज 120 व्होल्ट. केबलच्या लाइनला कंपनीच्या मंजूर यादीतलाच मोडेम लागतो, पण तो स्वतः विकत घेतला तर दरमहाचं भाडं वाचतं. एप्रिल 2024 पासून मोठ्या कंपन्यांना प्लॅनसोबत खाद्यपदार्थाच्या पाकिटावर असतो तसा तक्ता दाखवावा लागतो, त्यात सगळे आकार आणि ऑफर संपल्यावरचा दर असतो. तो वाचावा.

दुसरं वडोदऱ्याच्या टोकाबद्दल. मांडवीजवळच्या घरातून आईचा चेहरा महिनाभर अडकत होता आणि मी इथल्या कंपनीशी भांडत होतो. दोष आपल्याच घरात निघाला. राउटर लोखंडी कपाटावर, मधे दीड फूट जाडीची भिंत, आणि आईचा फोन वाय-फायच्या 5 गिगाहर्ट्झच्या लहरींवर. त्या लहरी वेगवान असतात, पण जाड भिंतीत दमतात. राउटर खाली आणला, फोन 2.4 गिगाहर्ट्झवर टाकला, चेहरा अडकणं थांबलं. मुलगा घरी आहे तोवर हे करून घ्या.

---

ताई, भावजी, दोघांचे मनापासून आभार. ताई, तुझा मेल यांनी मोठ्याने वाचून दाखवला.

होस्टेल पक्कं झालं. फोटो आला, टेबलाखाली लॅनचंच सॉकेट आहे आणि नेट भाड्यात. राउटर चालतो असं लेखी उत्तर आलं. विकत आणलेला बॅगेत गेला, पिन बदलायचा तुकडा मंगळबाजारात मिळाला. फायबरवाल्याची पेटी माळ्यावरच राहिली. आडनावाच्या चार पट्ट्या त्याने छापून पासपोर्टच्या पाकिटात ठेवल्यात.

आमचाही राउटर कपाटावरच होता. आता ओसरीच्या कोनाड्यात आणलाय. काल आजोबांना झोपाळ्यावर बसवलं आणि धाकटा सुरसागरवर जाऊन तिथून व्हिडिओ कॉल लावून उभा राहिला. वीस मिनिटं बोलले. चित्र एकदाही अडकलं नाही. आजोबांनी त्याला तलावातला महादेव दाखवायला लावला, हात जोडले आणि मग पान वाढायला सांगितलं.