एचएमआयएस बंगाल: ११ नोव्हेंबर १९४२ ची नोंद कशी करावी?

गलबत
ब्रिटिश काळातल्या शाही भारतीय नौदलाच्या ‘बंगाल’ या युद्धनौकेचा सेवा-इतिहास तारीखवार लावतोय. गाडी ११ नोव्हेंबर १९४२ पाशी अडलीय. ‘ओंडिना’ हा डच तेलवाहू टँकर ऑस्ट्रेलियातल्या फ्रीमँटलहून हिंदी महासागरातल्या दिएगो गार्सिया बेटाला पोचवताना दोन जपानी सशस्त्र व्यापारी जहाजांशी गाठ पडली आणि त्यातलं ‘होकोकु मारू’ बुडालं. कुणी श्रेय बंगालला देतं, कुणी ओंडिनाला. वेळांतही तीन-तीन तासांची तफावत. आणि बंगाल कॉर्व्हेट (छोटी रक्षक युद्धनौका) की समुद्री सुरुंग काढणारं सुरुंगसफाई जहाज?

नांगरदोर
वर्गाचं आधी. बंगाल बाथर्स्ट वर्गातलं, सिडनीच्या कॉकाटू गोदीत बांधलेलं, ऑगस्ट १९४२ मध्ये सेवेत आलेलं. या वर्गाची ६० जहाजं झाली, त्यातली चार भारतासाठी: बंगाल, बॉम्बे, मद्रास, पंजाब. क्रमांक जे २४३, आणि ‘जे’ हे अक्षर सुरुंगसफाईचं. तेव्हा प्रकारात सुरुंगसफाई लिहा, कामगिरीत रक्षक जहाज. कॉर्व्हेट हे बोलीतलं, तेही चूक नाही.

वेळांचं कोडं सोपं आहे. जपानी नौदल कुठेही असलं तरी नोंदी टोकियोच्या वेळेने करायचं, म्हणजे ग्रिनिचच्या ९ तास पुढे. चकमक साधारण २० अंश दक्षिण, ९३ अंश पूर्व इथली. तिथला नाविक कालपट्टा ६ तास पुढे. तुमचे तीन तास हेच. मात्र सरसकट तीन वजा करू नका. प्रत्येक अहवालात कोणता कालपट्टा धरलाय ते आधी बघा, कारण पट्टा ओलांडला की लगेच घड्याळ बदललं असेलच असं नाही. तक्त्यात पहिला रकाना ग्रिनिच वेळेचा ठेवा आणि मूळ वेळ शेजारी जशीच्या तशी.

तोफखाना
श्रेयाचा वाद कागदावर मिटणारा नाही. बंगालला खरं तर ४ इंची तोफ हवी होती. तुटवड्यामुळे १२ पौंडी बसवली, शिवाय थोड्या ऑर्लिकॉन, म्हणजे हलक्या विमानविरोधी तोफा. १२ पौंडीचा गोळा सुमारे ६ किलोचा, ओंडिनाच्या एकुलत्या ४ इंचीचा सुमारे १४ किलोचा. समोरच्या जपानी १४ सेंटिमीटर तोफांचा ३८ किलोचा! ओंडिनाकडे गोळे होते ३२. होकोकु मारूच्या मागच्या भागात आग लागली, मग स्फोट झाला. गोळा हलका असला तरी उघड्या डेकवरच्या टॉर्पेडोला किंवा विमानाच्या पेट्रोलला लागला तर पुरे, म्हणून निव्वळ वजनावरून बंगालला बाद करता येत नाही. माझा कौल ओंडिनाकडे झुकतो, पण तक्त्यात कौल लिहायचा नसतो.

बंगालचं मोठेपण वेगळ्याच ठिकाणी आहे. टँकरला निसटायला वेळ मिळावा म्हणून लेफ्टनंट कमांडर विल्यम विल्सन यांनी जहाज थेट शत्रूच्या अंगावर घातलं. नाळ (जहाजाचं पुढचं टोक) समोर ठेवली की शत्रूला दिसतं फक्त जहाजाच्या रुंदीएवढं लक्ष्य, आणि पुढची तोफ चालती राहते. ही हालचाल तपशिलाने लिहाच.

गलबत
मग ‘कुणी बुडवलं’ या रकान्यात काय? आणि बंगाल टँकरला टाकून गेलं असंही वाचलं.

नांगरदोर
‘ओंडिना व बंगाल यांच्या गोळीबारात’ एवढंच. ‘टाकून गेलं’ लिहू नका. दारूगोळा संपत आला होता, ओंडिना वाचत नाही असं दिसत होतं, तेव्हा धुराच्या पडद्याआडून बंगाल निघालं आणि १७ नोव्हेंबरला दिएगो गार्सियाला लागलं.

ओंडिनाची नोंद स्वतंत्र ठेवा, नाहीतर दोन्हींच्या तारखा एकमेकांत मिसळतात. दुसऱ्या जपानी जहाजाने, ‘आयकोकु मारू’ने, तिला दोन टॉर्पेडो मारले, कॅप्टन विलेम हॉर्समन ठार झाले, खलाशांनी जहाज सोडलं. पण टाक्या रिकाम्या होत्या, त्यामुळे ती तरंगत राहिली. शत्रू गेल्यावर माणसं परत चढली, आग विझवली आणि १८ नोव्हेंबरला फ्रीमँटल गाठलं. म्हणजे एक जहाज पुढे पोचलं, दुसरं मागे परतलं. ‘दोन्ही दिएगो गार्सियाला’ असं कुठे दिसलं तर खोडा.