मुलाच्या दीर्घ आजारात मानसिक आधारासाठी कोणाकडे जावं?

अनुजा_म
मुलगा नऊ वर्षांचा आहे. टाइप १ डायबेटीसचं निदान होऊन काही महिने झाले. शुगर तपासणं, कार्ब (जेवणातली कर्बोदकं) मोजणं, इन्सुलिन हे सगळं आता अंगवळणी पडतंय, पण पोरगा पार बदललाय. इंजेक्शनची वेळ झाली की बाथरूममध्ये जाऊन कडी लावतो. परवा झोपताना म्हणाला, "मी खूप चॉकलेटं खाल्ली म्हणून झालं ना हे?" मोठी मुलगी तेरा वर्षांची. ती हल्ली काही मागतच नाही, आणि मला तिच्या या गप्प राहण्याचीच जास्त काळजी वाटते. डॉक्टर चांगले आहेत, पण भेटीचा सगळा वेळ आकड्यांत जातो. समुपदेशक, मानसतज्ज्ञ की मनोविकारतज्ज्ञ? कोणाकडे जाऊ?

निशिगंध
अनुजाताई, आधी उपचार करणाऱ्या डॉक्टरांनाच थेट विचारा, "तुमच्या टीममध्ये मुलांचे मानसतज्ज्ञ आहेत का? नसतील तर तुम्ही कोणाकडे पाठवता?" आमच्या लेकीच्या ल्युकेमियाच्या (रक्ताच्या कर्करोगाच्या) उपचारांत विचारल्यावरच कळलं की अशी व्यक्ती तिथे आहे. आपणहून कोणी सांगितलं नव्हतं. आणि गोष्टी हाताबाहेर जाईपर्यंत थांबू नका. निदानानंतरचे पहिले महिने हीच मदत घ्यायची वेळ असते.

रानवारा
मी बालमानसतज्ज्ञ म्हणून काम करते. मनोविकारतज्ज्ञ हे डॉक्टर असतात, गरज पडल्यास औषधं देतात. तुमच्या वर्णनावरून सुरुवात मानसतज्ज्ञांपासून करावी. मात्र दीर्घ आजार असलेल्या मुलांसोबत काम केलंय का, सुईच्या भीतीवर नेमकं काय करता, हे पहिल्याच फोनवर विचारा. "बोलतं करू" एवढंच उत्तर आलं तर दुसरीकडे बघा.

चॉकलेटच्या प्रश्नाला टाळू नका. आजार ही आपल्याला झालेली शिक्षा आहे असं बऱ्याच लहान मुलांना वाटतं, आणि सगळीच ते बोलून दाखवत नाहीत. त्याला स्वच्छ सांगा: शरीराच्या संरक्षक पेशींनी चुकून इन्सुलिन बनवणाऱ्या पेशींवर हल्ला केला. चॉकलेटमुळे झालं नाही, तुझ्यामुळे नाही, कोणामुळेच नाही. हे पुन्हा पुन्हा सांगावं लागतं.

सुईसाठी: धरून-दाबून टोचू नका, त्याने भीती वाढते. "दुखणार नाही" असंही म्हणू नका. त्याला बसवून इंजेक्शन द्या, टोचताना लांब फुंकर मारू द्या, जागा त्याला निवडू द्या. द्यायचं की नाही हे त्याच्या हातात नाही, पण मांडी की पोट हे असू शकतं. रक्ततपासणीसाठी बधिर करणारं मलम मिळतं, ते साधारण तासभर आधी लावतात, डॉक्टरांना विचारा. आणि एक बाहुली घेऊन त्याला डॉक्टर होऊ द्या. तो बाहुलीला काय सांगतो ते नीट ऐका, तुमची बरीच उत्तरं तिथे मिळतील.

शुगरला "चांगली-वाईट" म्हणू नका, "जास्त-कमी" म्हणा. नाहीतर मुलं आकडा लपवायला शिकतात.

तो मुद्दाम इन्सुलिन टाळू लागला किंवा जगण्याचा कंटाळा आल्यासारखं बोलला, तर भेटीच्या तारखेची वाट न बघता त्याच दिवशी डॉक्टरांना कळवा.

चित्रक
मला लहानपणी संधिवात होता, त्या बाजूने लिहितो. डॉक्टर कायम आईशी बोलायचे आणि मी टेबलावर पाय हलवत बसायचो. एका नव्या डॉक्टरांनी खुर्ची माझ्याकडे वळवून विचारलं, "सकाळी सगळ्यात जास्त कुठे आखडतं?" त्या दिवसापासून दवाखान्याची धास्ती निम्मी झाली. मुलाला पुढच्या भेटीसाठी स्वतःचा एक प्रश्न लिहून न्यायला सांगा. डॉक्टरांनाही आधी सांगून ठेवा की पहिली पाच मिनिटं त्याची.

अनुजा_म
खूप आभार. मुलीचं काय करू? आणि खरं सांगायचं तर मलाही रात्री झोप नाही, तीन-तीनदा उठून शुगर बघते.

निशिगंध
मुलीला आजाराची माहिती तिच्या वयाची, पूर्ण द्या. अर्धवट ऐकून मुलं भलतंच काहीतरी मनात धरतात. तिला छोटी नर्स मात्र करू नका. आठवड्यात काही वेळ फक्त तिचा, त्यात डायबेटीसचा विषय नको. मानसतज्ज्ञांना "भावंडांनाही भेटता का?" हे विचाराच. कर्करोग असलेल्या मुलांच्या मानसिक आधारासाठी २०१५ साली १५ निकष प्रसिद्ध झाले, त्यात भावंडं आणि आई-वडील दोघांचाही विचार आहे. म्हणजे तुम्ही स्वतःसाठी मदत मागितलीत तर जास्तीचं काही मागत नाही आहात.

रात्रीचं: डॉक्टरांना विचारून कधी तपासायचं ते ठरवून घ्या आणि घरातल्या दुसऱ्या कोणाशी पाळी लावा. सतत शुगर मोजणारा, अलार्म देणारा सेन्सर शक्य असेल तर तेही विचारा. तरीही झोप येत नसेल, छातीत धडधडत असेल, तर मुलाच्या भेटीला जोडून नको, तुमची वेगळी वेळ घ्या.