उत्तर: आईचं सकाळचं बीपी ९२/५८

दादा, आईचं सकाळी बीपी ९२/५८ आलं म्हणून एवढं घाबरू नका. वरचा आकडा ९० च्या किंवा खालचा ६० च्या खाली गेला तर लो म्हणतात, म्हणजे तुमच्या आईचा खालचा ५८ जरासाच खाली आहे, अन् तेही चक्कर, डोळ्यापुढं अंधारी असं काही होत असंल तर जास्त बघा लागते, नुसत्या आकड्यानं काही होत नाही. आमच्या मायचंही असंच यायचं, मग समजलं का ती खाटेवर पडल्या पडल्या हात उशीवर उंच ठेवून मोजत होती, हात छातीच्या वर गेला का आकडा कमीच येते. पट्टा दंडाच्या मानानं लई मोठा असंल तरी तसंच. खुर्चीवर पाठ टेकून, पाय जमिनीवर, ५ मिनिटं गप्प बसून, चहाच्या अन् गोळीच्या आधी, १ मिनिटाच्या अंतरानं दोनदा घ्या, वहीत टाइम टाकून लिहा.

एक काम अजून करा, बसून मोजल्यावर उभं करून १ अन् ३ मिनिटांनी परत मोजा (जवळ कोणीतरी राहा बाप्पा, पडली तर वेगळीच पंचाईत). वरचा आकडा २० नं किंवा खालचा १० नं उतरला तर डॉक्टरला सांगाच. रात्री बीपीची किंवा लघवीची गोळी घेते का ते लिहिलंच नाही तुम्ही, त्यानंही सकाळी उतरते. पण गोळी मनानं बंद नका करू. अन् आपल्याकडं मे महिन्यात दिवसभर वावरात घाम गाळून पाणी कमी पेलं का दुसऱ्या सकाळी हेच. बेशुद्ध पडली, छातीत दुखलं तर वही राहू द्या, १०८ ला फोन लावा.