चालू ट्यूबलाइट काढून एलईडी लावायची घाई कशाला?

खटपट्या
आमच्या सोसायटीत सध्या एलईडीची लाट आलीय. ज्याच्या घरी जावं तो पट्टी, चोक, स्टार्टर उपटून भंगारवाल्याला देतोय. पिवळे बल्ब गेले ते बरंच झालं, त्यावर वाद नाही. पण चांगली चालणारी ट्यूब काढून तिथे एलईडी बॅटन, म्हणजे ट्यूबच्या आकाराचा सबंध एलईडी दिवा, लावण्यात बचत कमी आणि हौस जास्त, असं माझं मत. ट्यूबचा स्टार्टर गेला तर शाळकरी पोरगंसुद्धा फिरवून नवा बसवतं. बॅटन गेली की आख्खी फेका. खोक्यावर २५,००० तास छापतात. रोज पाच तास धरले तरी तेरा वर्षांच्या वर जातात. कुणाकडे टिकलीय एवढी? हात वर करा.

मीटरवाचक
हात वर करत नाही, हिशोब मांडतो. ट्यूब ३६ वॅटची, पण जुना तांब्याचा चोक स्वतः १२-१४ वॅट खातो. म्हणजे झाले ५०. बॅटन २० वॅटची. रोज सहा तास लावली तर महिन्याला जवळपास साडेपाच युनिट वाचतात. युनिटला ८ रुपये धरा, ४३ रुपये झाले. अडीच-तीनशेची बॅटन सहा-सात महिन्यांत वसूल. तेरा वर्षं टिकायची गरजच काय? दोन वर्षांत मेली तरी तुम्ही फायद्यात. आणि बिल १०० युनिटच्या जरासं वर जात असेल तर वाचतात ती वरच्या महागड्या स्लॅबमधलीच.

खटपट्या
सहा तास हॉलमध्ये हो. आमच्या माळ्यावरची ट्यूब दिवसाला अर्धा तास लागते. तुमच्याच हिशोबाने तिथे तीनशे रुपये वसूल व्हायला सात वर्षं. तोवर ती बॅटन आणि मी, दोघांपैकी कोण आधी जातंय बघू.

मीटरवाचक
माळ्यावर नकाच बदलू, कोण सांगतंय? त्यापेक्षा घरात झिरोचा बल्ब असेल तर तो आज काढा. नावाला झिरो, खातो १५ वॅट! रात्रभर पॅसेजमध्ये जळतो, महिन्याला चार युनिट. लोक हॉलच्या ट्यूबवर भांडतात आणि हे गुपचूप चालू असतं. त्या जागी अर्ध्या वॅटचा एलईडी मिळतो.

तिखटमीठ
पैशांचं झालं, आता उजेडाचं कुणी बोलेल का? आमच्याकडे हॉलची ट्यूब काढून बॅटन लावली आणि भिंतींचा वरचा भाग नि छत काळवंडलं. ट्यूबचा उजेड चहूकडे फाकतो, बॅटनचा फक्त खाली. वॅट वाचले खरे, पण खोली लहान वाटायला लागली. आणि तो निळसर पांढरा रंग! जेवायला बसलं की वरण राखाडी दिसतं आणि पाहुणे आजारी.

होल्डर_बी२२
तो दोष एलईडीचा नाही, खरेदीचा. खोक्यावर केल्व्हिन बघा, म्हणजे उजेडाच्या रंगाचा आकडा. ६५०० म्हणजे निळसर पांढरा, ४००० मधला, २७०० जुन्या बल्बसारखा पिवळा. आपल्याकडे दुकानदार ६५००चाच ढीग मांडून बसतो, कारण गिऱ्हाइकाला तोच "जास्त उजेडाचा" वाटतो. शिवाय सीआरआय बघा, म्हणजे रंग कितपत खरे दिसतात ते. साध्या मालाचा ८०च्या आसपास असतो, स्वयंपाकघरात ९०चा लावा. वरण पिवळं दिसेल, पाहुण्यांची हमी नाही.

वायरमन_दादा
मी दोन्ही बसवतो, म्हणून मला दोन्हीकडून शिव्या पडतात. बंद पडलेला एलईडी बल्ब एकदा उघडून बघा. टोपण काढलं की आत गोल प्लेटवर बारीक पिवळे चौकोन, म्हणजे चिप दिसतात, त्यातल्या एकावर काळा ठिपका. तेवढाच जळालेला असतो. पण सगळे एका माळेत जोडलेले, म्हणून एक गेला की पूर्ण बल्ब गप्प. नाहीतर ड्रायव्हरमधला, म्हणजे एलईडीला हवी तशी वीज करून देणाऱ्या सर्किटमधला कपॅसिटर फुगलेला असतो. दोन्हीचं कारण बहुतेक वेळा उष्णता. बंद काचेच्या गोळ्यात, फॉल्स सीलिंगच्या बंद खोबणीत बल्ब कोंबायचा आणि मग "टिकत नाही" म्हणायचं. २५,००० तास चिपचे असतात, आणि तेही उजेड ७० टक्क्यांवर येईपर्यंतचे. ड्रायव्हर त्याआधी जातो. खटपट्यासाहेब, छताच्या चपट्या एलईडी पॅनलचा ड्रायव्हर वेगळा मिळतो, आख्खं फेकायची गरज नसते. बॅटनमध्ये मात्र बऱ्याचदा तो प्लेटवरच असतो, तिथे तुमचं खरं आहे.

मळ्यातला
शहरातल्यांनी चोकवर वाद घालावा. आमच्याकडे रात्री पंप सुरू झाले की व्होल्टेज इतकं पडतं की ट्यूब नुसती टोकांना लाल होते आणि फडफडते. चांगला एलईडी १४० व्होल्टलाही नीट लागतो. इन्व्हर्टरवरही दुप्पट वेळ चालतो. आमचा वाद तिथेच मिटला. पिवळे बल्ब फक्त कोंबडीच्या पिल्लांच्या शेडमध्ये ठेवलेत. तिथे उजेडापेक्षा ऊब लागते, आणि ते एलईडीला जमत नाही.

खटपट्या
मिटला म्हणे! न्यूट्रल तुटून ४०० व्होल्ट आले तेव्हा पहिले कोण गेले, तेही लिहा की.

मळ्यातला
एलईडी गेले. टीव्हीही गेला. म्हणून टीव्ही बघायचा सोडला नाही.

निळी_शाई
मूळ मुद्दा राहिलाच. स्वस्तात एलईडी बल्ब देणारी सरकारची उजाला योजना ५ जानेवारी २०१५ला सुरू झाली. ज्या बल्बची सरकारी खरेदी २०१४मध्ये ३१० रुपयांना होती, तो २०१६पर्यंत ३८वर आला. तेव्हा "एलईडी महाग" हे कारण संपलं. आता ट्यूबचंही संपत आलंय. पाऱ्याचा वापर थांबवण्यासाठीच्या आंतरराष्ट्रीय मिनामाटा कराराच्या २०२३च्या जिनिव्हातल्या बैठकीत ठरलंय की फ्लुरोसंट ट्यूबचं उत्पादन आणि आयात-निर्यात २०२७पर्यंत थांबवायची. कारण ट्यूबमधला पारा. भारत या करारात आहे. खटपट्या, तुम्ही स्टार्टर बदलत बसाल, पण ट्यूब आणणार कुठून?

खटपट्या
मग पारा आहे म्हणून चालू ट्यूब आजच काढू? म्हणजे ती आजच घंटागाडीत फुटणार. आमच्या वॉर्डात ट्यूब वेगळ्या कोण गोळा करतं, सांगा. माझ्या छताला आहे तोवर पारा काचेत तरी आहे.

निळी_शाई
हा मुद्दा मान्य. पण हा घंटागाडीविरुद्धचा झाला, एलईडीविरुद्धचा नाही.

तिखटमीठ
वायरमन दादा, बेडरूममधला एलईडी बटण बंद केलं तरी अंधुक जळत राहतो. खराब आहे का?

वायरमन_दादा
बहुतेक नाही. स्विचमध्ये लाल इंडिकेटर आहे ना? त्यातून जरासा करंट जातो, तेवढ्यावरही एलईडी मिणमिणतो. साधा स्विच टाकला की थांबेल. तरीही मिणमिणत राहिला तर बहुधा स्विच फेजऐवजी न्यूट्रलवर जोडलाय. मग बटण बंद असूनही होल्डरमध्ये करंट असतो. वायरमन बोलवा, तोवर होल्डरला हात लावू नका. आणि जुन्या पट्टीत एलईडी ट्यूब घालणाऱ्यांनो, आधी चोक-स्टार्टरची वायरिंग काढून घ्या. काही ट्यूबना फेज आणि न्यूट्रल एकाच टोकाला लागतात. उद्या कुणी त्याच पट्टीत जुनी ट्यूब चढवली तर धूर निघेल.

खटपट्या
बघा! स्टार्टरला कधी धूर निघालेला ऐकलाय?

वायरमन_दादा
चोकला निघालेला बघितलाय, साहेब. आतलं डांबर वितळून खालच्या सोफ्यावर टपकत होतं.