मदत हवी आहे: मिशनच्या इतिहासातून आजच्या चर्चने काय शिकावे?

चर्चच्या अभ्यासवर्गासाठी मी टिपण तयार करत आहे. एकोणिसाव्या शतकात इंग्लंडमधून परदेशी मिशनरी पाठवणाऱ्या चर्च मिशनरी सोसायटीचे चिटणीस हेन्री व्हेन यांचा आग्रह होता की, स्थानिक मंडळीने (म्हणजे तिथल्या चर्चने) आपला कारभार, खर्च आणि सुवार्ताप्रसार स्वतः सांभाळावा आणि मिशनऱ्याने पुढच्या प्रदेशाकडे वळावे. याच विचारातून १८६४ मध्ये सॅम्युएल अजयी क्राउदर अँग्लिकन (इंग्लंडच्या चर्चच्या) परंपरेतील पहिले आफ्रिकी बिशप झाले. परंतु त्यांच्या उतारवयात तरुण युरोपीय मिशनऱ्यांनी त्यांच्या अधिकारांना कात्री लावली आणि १८९१ मध्ये त्यांचे निधन झाल्यावर त्यांच्या जागी युरोपीय बिशप नेमला गेला. हे मला फार अस्वस्थ करते. दुसऱ्या मंडळीला पैसा पुरवणाऱ्या चर्चने निर्णयाचा अधिकार केव्हा आणि कसा सोडावा, विशेषतः हिशेबतपासणी कोणाकडे ठेवावी, हे अनुभवी सदस्यांनी कृपया सविस्तर सांगावे.