नवा मीटर बसला, बिल फुगलं: 'भरूच नका' हा सल्ला महागात पडेल

कागदपत्री

काल इथे, या ऑनलाइन धाग्यावर, एकाने लिहिलं: "मीटर बदलल्यावर बिल दुप्पट आलं की भरूच नका. जुना मीटर परत लावा म्हणून अडून बसा, कंपनी झक मारत येते." खाली सगळे 'अगदी बरोबर' म्हणत सुटलेत. मला राहवलं नाही. असं अडून बसल्यावर अंधारात राहायची पाळी कंपनीवर येत नाही, तुमच्यावर येते.

२००३ च्या वीज कायद्याचं कलम ५६ काढून वाचा. पैसे थकले की १५ पूर्ण दिवसांची लेखी नोटीस देऊन वीज तोडता येते. पण त्याच कलमात ग्राहकाची ढालही आहे. बिल वादातलं असेल तर मागितलेली रक्कम किंवा मागच्या सहा महिन्यांच्या सरासरीने येणारी रक्कम, यांतली जी कमी ती 'निषेध नोंदवून' भरा. मग वाद मिटेपर्यंत वीज तोडता येत नाही. पत्र दोन प्रतींत न्या आणि आपल्या प्रतीवर आवक शिक्का व तारीख घ्या. तोंडी बोललेलं नंतर कुणालाच आठवत नाही.

आता मूळ दुखणं. महावितरणच्या बिलावर चालू रीडिंग, मागील रीडिंग, गुणक अवयव, युनिट, समायोजित युनिट, एकूण अशी ओळ असते. मीटर बदललेल्या महिन्यात 'युनिट'खाली नव्या मीटरचा वापर येतो आणि जुन्या मीटरचे उरलेसुरले युनिट 'समायोजित'मध्ये येतात. फुगवटा असतो तो बहुतेकदा या रकान्यात, आणि लोक शिव्या घालतात नव्या मीटरला.

हिशोब करून दाखवतो. शेवटचं खरं रीडिंग १८०२२. पुढे तीन महिने रीडिंग मिळालं नाही म्हणून सरासरी ८० युनिटांची बिलं गेली, म्हणजे २४० युनिटांचे पैसे भरलेले आहेत. चौथ्या महिन्यात मीटर काढला तेव्हा आकडा १८४६२. म्हणजे जुन्याचे ४४० आणि नव्याचे ६०, चार महिन्यांचे मिळून ५००. टप्पा चढला की युनिटचा दरही चढतो. हे ५०० एकाच महिन्यात टाकले की १०० पहिल्या टप्प्यात, २०० दुसऱ्या टप्प्यात आणि २०० थेट ३०१ ते ५०० च्या टप्प्यात जातात. चार महिन्यांत विभागले तर महिना १२५ पडतात: ४०० युनिट पहिल्या दराने, १०० दुसऱ्या दराने, तिसऱ्या टप्प्याला हातही लागत नाही. वर आधी भरलेल्या २४० युनिटांचे पैसे वजा व्हायला हवेत. तर मागणी नेमकी करा: युनिट महिनावार विभागून टप्प्यांचा लाभ द्या, सरासरी बिलाची वजावट दाखवा, आणि मीटर बदली अहवाल व सीपीएलची (कंपनीकडच्या तुमच्या खातेउताऱ्याची) प्रत द्या. 'बिल जास्त आलंय, कमी करा' असा अर्ज टेबलावर पडून राहतो.

तिसरा मजला

म्हणजे कलमं वाचायची ग्राहकाने, गुणाकार-भागाकार करायचे ग्राहकाने, पत्रं घेऊन उन्हातान्हात खेटे घालायचेही ग्राहकानेच? मीटर पार्किंगमधल्या खोलीत असतो. दुपारी दोघं येतात, जुना काढतात, नवा ठोकतात आणि जातात. घरात कुणी नसतं. बदली अहवालावर सही कुणाची? वॉचमनची. मग १८४६२ हा आकडा खरा की खोटा, हे कुणी सांगायचं? जुना मीटर एव्हाना भंगारात गेलेला असतो.

आणि नव्या मीटरला तुम्ही इतक्या सहज निर्दोष सोडू नका. २०२४ मध्ये केंद्राच्या वीज ग्राहक हक्क नियमांत दुरुस्ती झाली. मीटरचं रीडिंग वापराशी जुळत नाही अशी तक्रार केली की कंपनीने पाच दिवसांत शेजारी दुसरा मीटर लावून निदान तीन महिने वापर पडताळायचा आहे. लोकांनी हे मागावं. तुम्ही त्यांना आकडेमोडीत का गुंतवता?

वायरमन नाशिक

दोघांचंही अर्धंच बरोबर आहे. शेजारी मीटर लावलात आणि दोष तुमच्या न्यूट्रलमध्ये, म्हणजे करंट परत नेणाऱ्या वायरीत असला, तर दोन्ही मीटर तोच आकडा दाखवतील. तीन महिने वाया.

जुन्या चकतीच्या मीटरमध्ये करंटचं कॉइल फक्त फेजवर, म्हणजे करंट आणणाऱ्या वायरीवर असायचं. आताचा सिंगल फेज मीटर फेज आणि न्यूट्रल दोन्हीकडचा करंट मोजतो आणि जो जास्त, त्यावर युनिट धरतो. चोरी पकडण्यासाठीच तो तसा बनवलाय, कारण लोक न्यूट्रल सोडून अर्थिंगवर भार चालवायचे. आता जुन्या इमारतीत शेजारच्या फ्लॅटचा किंवा जिन्याच्या दिव्यांचा परतीचा करंट तुमच्या न्यूट्रलमधून येत असेल, तर जुन्या मीटरला त्याचा पत्ताच नसायचा. नवा मीटर तो तुमच्या नावावर मोजतो. मीटर बदलल्या दिवसापासून बिल वाढतं आणि वाढलेलंच राहतं.

तपासायला पाच मिनिटं लागतात. मीटरवर एक लाल दिवा लुकलुकतो, बाजूला ३२०० किंवा १६०० असा आकडा छापलेला असतो, म्हणजे एका युनिटला तितक्या लुकलुकी. आधी घरातला फक्त फेजचा एमसीबी पाडा, न्यूट्रल जोडलेलं राहू द्या. दिवा तरीही लुकलुकतोय? मग फेज-न्यूट्रल दोन्ही तोडणारा दोन पोलचा मेन स्विच पाडा. आता थांबला तर न्यूट्रल कुणाच्या तरी न्यूट्रलशी मिसळलंय. दोन्ही पाडूनही चालूच असेल, तर एक तर मीटर ते मेन स्विच या वायरीत गळती आहे, नाहीतर तो मीटर तुमचा नाहीच.

हे शेवटचं हसण्यावारी नेऊ नका. एका बोर्डावर बारा मीटर एका दुपारी बदलले की २०३ ची वायर ३०२ च्या मीटरला लागते. मेन पाडल्यावर कोणता दिवा थांबतो ते बघायचं आणि त्या मीटरचा क्रमांक बिलाशी ताडायचा.

तिसरा मजला

वा! शेजाऱ्याचा करंट, पैसे माझे, आणि दोषही माझ्याच वायरिंगचा! जो करंट माझ्या फेजमधून गेलाच नाही त्याचे युनिट माझ्यावर लावणं हे कुठल्या न्यायात बसतं? शेजाऱ्याच्या मीटरवर तोच वापर मोजला गेलाय, कारण त्याचा फेज तिथून जातो. एकाच युनिटाचे दोनदा पैसे घेतले जाताहेत. याला वसुली म्हणतात.

वायरमन नाशिक

दोनदा मोजलं जातं हे खरं, मी नाकारत नाही. पण मीटर त्याला नेमून दिलेलं काम करतोय. मीटरच्या पुढची वायरिंग घरमालकाची, असं सगळीकडेच धरलं जातं.

आणि 'वसुली' म्हणून हात झटकणाऱ्यांनी दुसरी गोष्ट ऐकावी. न्यूट्रल मिसळलेल्या घरात ३० मिलिअँपिअरचा आरसीसीबी (करंटची गळती होताच वीज तोडणारा स्विच) टिकत नाही, सारखा पडतो. मग कुणीतरी इलेक्ट्रिशियन येतो, आरसीसीबी काढून टाकतो आणि सांगतो, 'झालं काम.' गीझरच्या नळाला हात लावल्यावर माणूस वाचवणारं एकमेव यंत्र त्याने काढलेलं असतं. बिलाचं राहू दे बाजूला, ही वायरिंग आजच वेगळी करून घ्या. क्लॅम्प मीटरमध्ये (वायरीभोवती चिमटा धरून करंट मोजणारं यंत्र) फेज आणि न्यूट्रल दोन्ही वायरी एकत्र धरा. घरात भार चालू असताना काटा शून्यावर हवा. शून्य नसेल तर करंट भलत्या वाटेने जातोय.

सचिव, जुनी सोसायटी

बोलणं सोपं आहे. आमच्यासारख्या चाळीस वर्षांच्या इमारतीत जिना, पंप आणि फ्लॅट यांचं न्यूट्रल मुळातच एका पट्टीवर आणलेलं असतं. प्रत्येक फ्लॅटला मीटर खोलीपासून स्वतंत्र न्यूट्रल ओढायचं म्हणजे चार मजल्यांची पाइपिंग फोडणं. सभेत हा विषय आला की तळमजला म्हणतो, आमचं बिल वाढलेलं नाही, आम्ही का वर्गणी द्यायची? मीटर बदलायच्या आधी कंपनीने एक सूचना लावली असती की न्यूट्रल तपासून घ्या, तर निम्मी भांडणं झालीच नसती.

वायरमन नाशिक

सूचना लावायला हवी होती, हे मान्य. पण पाइप न फोडताही बरंच होतं. आधी प्रत्येक फ्लॅटच्या डीबीत (एमसीबीच्या पेटीत) न्यूट्रल लिंक, म्हणजे न्यूट्रल वायरी जोडायची पट्टी, उघडून बघा. मिसळलेलं बहुतेकदा दोन-तीन जागीच सापडतं: जिन्याचा टू-वे स्विच, बाल्कनीतून शेजारी नेलेला पॉइंट, आणि इन्व्हर्टर. इन्व्हर्टर लावताना आउटपुटचं न्यूट्रल भलत्याच सर्किटला जोडून ठेवतात. तिथे एक वायर सोडवली की काम होतं.

कागदपत्री

धागा न्यूट्रलनेच गिळला. ठीक आहे, माझ्या पोस्टमध्ये न्यूट्रलचा शब्दही नव्हता, ती चूक माझी. पण क्रम चुकवू नका. फुगवटा एकाच महिन्याचा असेल तर समायोजित युनिट बघा, दर महिन्याचा असेल तर न्यूट्रल बघा. एकदम अशक्य आकडा असेल तर जुन्या मीटरचा शेवटचा अंक तपासा. आकड्यांच्या चाकांच्या जुन्या मीटरमध्ये शेवटचं लाल चाक दशांशाचं असतं. १८४६२.७ हे कुणी १८४६२७ लिहिलं की बिल लाखांत जातं.

ग्राहक बाजू

कागदपत्रींना एक विचारायचंय. सदोष मीटरसाठी तीन महिन्यांपेक्षा जास्त मागची वसुली करता येत नाही, मग चार महिन्यांचे ४४० युनिट तुम्ही मान्य कसे करता? एक महिना फुकट सोडायला हवा.

कागदपत्री

दोन गोष्टींची गल्लत होतेय. महाराष्ट्र वीज नियामक आयोगाच्या २०२१ च्या विनियमांतली तीन महिन्यांची मर्यादा मीटर सदोष असेल तेव्हाची आहे. मीटर बंदच पडला असेल तर आधीच्या बारा महिन्यांच्या सरासरीने, तेही जास्तीत जास्त तीन महिने. माझ्या उदाहरणात मीटर धडधाकट आहे, फक्त रीडिंग घेतलं गेलं नाही. ती वीज वापरलेली आहे.

थकबाकी दोन वर्षांनंतर मागता येत नाही, ही मर्यादाही लोक अशीच फेकतात. कलम ५६(२) बद्दल सर्वोच्च न्यायालयाने २०२० मध्ये अजमेर विद्युत वितरण निगम विरुद्ध रहमतुल्ला खान या प्रकरणात सांगितलंय की चूक सापडल्यावर दोन वर्षांनंतरही पुरवणी मागणी करता येते, त्या रकमेसाठी वीज मात्र तोडता येत नाही. हे अर्धंच सांगून कुणाला भरवशावर ठेवू नका.

ग्राहक बाजू

तीन महिन्यांबाबत माझं चुकलं. पण वीज तोडता येत नाही हा अर्धा भाग नोटीस काढणाऱ्यांनाही कुणीतरी वाचून दाखवा.

नेटमीटर

सोलरवाल्यांना कुणी विचारतच नाही. मीटर बदलल्यावर आयात (कंपनीकडून घेतलेली वीज) आणि निर्यात (कंपनीला दिलेली वीज) दोन्हींची अखेरची रीडिंग अहवालात लिहून घ्या. साठलेले युनिट पुढच्या बिलात आलेत का ते बघा. मार्चमध्ये मीटर बदलत असेल तर जास्तच जपा, कारण ३१ मार्चला वर्षाचा हिशोब मिटतो.

तिसरा मजला

मेन पाडून बघायला माझी हरकत नाही. पण समजा न्यूट्रल स्वच्छ निघालं, मीटर आपलाच निघाला, तरी आकडा जास्त. मग?

वायरमन नाशिक

मग मीटरवर संशय घ्या, मी तुमच्या बाजूने उभा राहीन. पण नुसता 'पळतो' म्हणू नका, मोजून जा. गार पाण्याने भरलेला २००० वॉटचा गीझर लावा, बाकी सगळं बंद. ३२०० च्या मीटरवर २३० व्होल्टला मिनिटाला साधारण १०७ लुकलुकी यायला हव्यात. मीटरच्या पडद्यावर व्होल्टेज येतं, ते आधी टिपा. २१० व्होल्टला तोच गीझर १६६७ वॉटच खेचतो, लुकलुकी ८९. २४५ ला १२१ होतात आणि लोक बोंब मारतात की मीटर फास्ट आहे. व्होल्टेज धरूनही पाच-सात टक्के फरक राहिला, तर अ‍ॅक्युचेक (मीटर तपासायचं यंत्र) लावून जागेवर तपासणी मागा, तुमच्यासमोर. तिथे पटलं नाही तर प्रयोगशाळा. सीलला हात लावायचा नाही, अगदी तुटलेलं दिसलं तरी. फोटो काढून त्याच दिवशी लेखी कळवा, नाहीतर प्रकरण कलम १३५ मध्ये चोरीचं होतं आणि मग ग्राहक तक्रार निवारण मंचाचे दरवाजेही बंद.

कागदपत्री

मंचाकडे जायची मुदत तक्रारीचं कारण घडल्यापासून दोन वर्षं. निकाल पटला नाही तर ६० दिवसांत विद्युत लोकपाल. अर्जासोबत लुकलुकींची नोंद तारीख, वेळ आणि व्होल्टेजसकट जोडा. आणि ज्यांचा मीटर अजून बदलायचाय त्यांनी आज संध्याकाळीच खाली जाऊन जुन्या मीटरचा फोटो काढा. क्रमांक आणि आकडा एकाच चौकटीत यायला हवेत, नाहीतर तो फोटो कुणाच्या मीटरचा हे सिद्ध होत नाही.

तिसरा मजला

फोटो काढतो. वॉचमनलाही सांगून ठेवतो की कुणी मीटर काढायला आलं तर आधी वर फोन, सही नंतर. पण जुना मीटर तपासणी होईपर्यंत जपून ठेवा, हे मी पत्रात लिहिणारच. त्यावर तरी कुणी मला शहाणपण शिकवू नये.

वायरमन नाशिक

लिहाच. जुन्या मीटरचा क्रमांक आणि सीलचे क्रमांकही त्यात टाका.